घास उतरेपर्यंत

दुसऱ्याच्या घशाची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही, आणि दुसरा होऊही नये, कारण ह्या एकानंच आमच्या जिवाला घोर लावून ठेवलाय. हा आमच्या खानावळीतला वाढपी. डॉक्टर घसा बघतो, औषध लिहितो आणि पुढच्याला आत बोलावतो. हा बांगड्याचं ताट समोर ठेवतो आणि तिथंच उभा राहतो, पहिला घास तुमच्या गळ्याखाली उतरेपर्यंत. तुम्ही गिळलंत की तोही गिळतो. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होते ती मी रोज बघतो, आणि मग मलाच पुढचा घास घ्यायची धास्ती वाटते.

मी शाळेत फार गेलो नाही, सजवून लिहिता येत नाही. जन्म गेला बंदरावरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढण्यात. बायको गेली त्यानंतर समजलं, की आपल्याला माशाचे काटे काढता येत नाहीत. हसू नका. ती पेडव्याचे बारीक काटे सोडवून मांस माझ्या ताटाच्या कडेला लावायची आणि मी रेडिओ ऐकत खायचो. मग खानावळ धरली. पहिल्याच दिवशी मी बांगडा नुसता उलटा-पालटा करत बसलेला ह्यानं बघितलं. म्हणाला, "तात्यानू, मधला काटा आधी उपटा, मग बाजूचे. घाई कसली? तुमची काय लाँच सुटताय?" मी म्हटलं, "सुटायची ती सुटली." तो आत गेला आणि न मागता भात घेऊन आला.

काट्याची भीती ही त्याची मोठी, पण बारक्या भित्या पोत्यानं. सोलकढीचा पेला तो असा आणतो, जसं कोणाचं तान्हं पोर आणतोय. पांढऱ्या शर्टाचं गिऱ्हाईक दिसलं की त्याला घाम फुटतो, आणि घाम ताटात पडेल म्हणून आणखी फुटतो. कोणी सुरमई सांगितली की आधी वार विचारतो. आज सोमवार, आज संकष्टी, तुम्ही पाळता काय? माणूस चुकून खाईल आणि पाप वाढणाऱ्याच्या डोक्यावर येईल, असा त्याचा हिशेब. एकदा कोर्टातल्या एका कारकुनानं संकष्टीला तळलेली सुरमई मागवली. ह्यानं उसळ आणून ठेवली आणि कानात सांगितलं, "सायबानू, मागल्या खेपेला तुमीच म्हणलाव, बायकोनं संकष्टीला मासे सोडायला लावलेत म्हणून." कारकून तापला, इकडंतिकडं बघितलं आणि मुकाट उसळ खाल्ली. त्याच्या बायकोची धास्ती ह्याच्या धास्तीपेक्षा मोठी निघाली.

वाढप्याची नोकरी म्हणजे पुढून गिऱ्हाईक ओरडतं आणि मागून आचारी. सीझनला सगळी टेबलं एकदम हाका मारतात. हा मधे उभा, कुठल्या टेबलाला पाणी नेलं नि कुठल्याला नाही, ह्या विचारानं पांढरा पडलेला. स्वतः जेवतो दुपार उतरल्यावर, भिंतीला पाठ लावून, वरण-भात. मासे खात नाही. विचारलं तर म्हणतो, "मी गिळतो काय नाय, ता बघायला कोण हाय, तात्यानू?"

बेसिनवरच्या फळीवर ह्याची एक वाटी असायची. तिच्यात कोरड्या भाताचा मुटका. काटा अडकला तर भात न चावता गिळायचा, हा आमच्याकडं घरोघरचा उपाय. पण घरोघरी काटा अडकल्यावर भात घेतात. हा कामावर आला की आधी मुटका वळायचा, मग टेबलं पुसायचा.

मग मालकाच्या पोरानं गल्ला हातात घेतला. पोरगा वाईट नाही, पण त्याला खानावळीचं हॉटेल करायचंय. त्यानं नियम काढला, वाढप्यानं ऑर्डर घ्यायची, ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. तक्रार आली तर घरी. ह्याला घर आहे पालीला, तिथं आई अंथरुणाला खिळलेली, आणि ह्या वयात ह्याला दुसरं कोण ठेवणार? बिचारा तोंड मिटून खांबाआड उभा राहायला लागला. तिथून मान काढून एकेकाचा गळा बघायचा. आणि मी जेवायचं सोडून त्याला बघायचो, हा आता बोलतो की मग बोलतो.

तो बोलला नाहीच. एका रविवारी कोल्हापूरकडचं कुटुंब बसलं होतं. त्यातले गृहस्थ मोबाइलमधे काहीतरी बघून हसले, सोलकढी उलटी गेली आणि त्यांना ठसका लागला. हा खांबाआडून सुटला, फळीवरचा मुटका उचलला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. पाठीत दोन धपके घातले. "चावू नका, गिळा, गिळा." गृहस्थांनी गिळला आणि मग जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्यापुढं पनीरची थाळी होती. ह्यानंच आणून ठेवलेली.

पोरानं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी हात धुतला नाही, तसाच गल्ल्यापाशी गेलो.

"आजोबा, तुम्ही मधे पडू नका. लोक मोबाइलवर काय काय लिहितात, माहीत आहे?"

"लिहू दे. जिवंत आहेत म्हणून लिहितात."

"पनीरला काटा असतो काय?"

"नसतो. पण त्याला काय ठाऊक? तो कधी पनीर खातो?"

पोरगा हसला नाही. माणूस जायचा असला की मला ते आता आधी कळतं, त्याची सवय झालीय. तेवढ्यात आतून आचारी बाहेर आला. हाच जन्मभर त्याच्यावर खेकसत आलेला. म्हणाला, "त्याला आत द्या माझ्याकडं. ताटा भरील. गिऱ्हाईक दिसायचा नाय नि त्याला भ्या वाटायचा नाय." पोरानं थोडा वेळ मोबाइल खाली-वर केला आणि म्हणाला, "बाहेर दिसला तर बघा."

आता तो आत असतो. बाहेर नवा वाढपी आहे. चपळ आहे, ताट ठेवतो आणि जातो. तसंच पाहिजे म्हणतात, पाहिजेही असेल.

ताटं बाहेर सरकवायची खिडकी आहे, तिच्यासमोरचं टेबल मी धरलंय. तिथं पंखा लागत नाही, बेसिनचं पाणी उडतं. पोरगा म्हणतो, आजोबा, इकडं वाऱ्याला बसा. मी म्हणतो, इथं बरं आहे. बांगडा येतो. मी मधला काटा उपटतो, बाजूचे चाचपतो, घास घेतो आणि मान जरा खिडकीकडं वर करून सावकाश गिळतो. तो आत हातातलं ताट धरून उभा असतो. मग आचारी ओरडतो, "अरे, उतरला त्याचा. दुसरा ताट घे."