किम-चुई भाऊजींनी फुकट वाटलेला आवाज

आमचे भाऊजी, चान किम-चुई, जन्मापासून आंधळे. तैवानातल्या चियाई गावात, देवळामागच्या गल्लीत त्यांचं मालिशचं दुकान आहे. हात एकदम बोलका, पण तोंडाने महाकंजूष. घरातलं बोलायचं कंत्राट माझ्या थोरल्या बहिणीकडे, सिऊ-लुआनकडे. ती चौकात टर्कीभात विकायची आणि तिचा आवाज अख्ख्या चौकाला पुरून उरायचा.

भाऊजींना कंप्युटरचं वेड. पडद्यावरचं मशीनने वाचून दाखवायचं आणि यांनी ऐकायचं. पण विकतच्या मशीनला आपली तैवानी बोली येईना, ते मेलं शाळामास्तरासारखं मँडरिन झाडायचं. म्हणून भाऊजींनी लिनक्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आणि खुलं, आत हात घालून हवं ते बदला.

"फुकटचं ते पौष्टिक, होय ना भाऊजी?" मी टोमणा मारला.

"सगळं आहे गं त्यात. पत्रं लिहा, गाणी ऐका, नवे प्रोग्राम रचा. फक्त आपल्या बोलीत वाचणारं कुणी नाही."

मग ह्या पठ्ठ्याने बायकोलाच रजयांच्या कपाटात कोंबलं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि आपल्या बोलीतला एकेक उच्चार तिच्याकडून वदवून घेतला. कितीतरी महिने. ती आतून ओरडायची, "अहो, माझा आवाज खिरापतीसारखा वाटताय, मला काय मिळणार?" भाऊजींनी ते तुकडे साफ केले, मधले श्वाससुद्धा कापून टाकले, आणि तयार आवाज लिनक्सच्या सामाईक भांडारात ठेवला, कुणीही उतरवून घ्यावा असा. बेटावरचे आंधळे तो घ्यायला लागले. सिऊ-लुआन फुशारून गेली होती.

पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. हृदय थकलं होतं, जिना चढताना वाटेतच बसली.

भाऊजींच्या खोलीत मात्र ती बोलतच राहिली. पत्रं वाचायची, बातम्या वाचायची. मी भात घेऊन गेले की दारातच पाय अडखळायचे. सख्खी बहीण मेलेली, आणि आतून तीच विजेचं बिल वाचतेय!

मग लोकांची पत्रं यायला लागली. तुमच्या आवाजात वाक्याच्या शेवटी श्वास ऐकू येतो, असं एकाने लिहिलं. मग दुसऱ्याने. भाऊजींनी सगळे तुकडे पुन्हा तपासले. श्वास कुठेच नव्हता.

"मशीनची खरखर असेल," मी म्हटलं.

"तूच ऐक."

मी कान लावला. बातमी संपली, आणि श्वास आला. आत ओढलेला, छातीत अडकलेला. शेवटच्या दिवसांत जिन्यावर ती असाच श्वास घ्यायची. पुढच्या वाक्यानंतर तो जास्त जड होता.

"भाऊजी, ही दमलीय हो," मी म्हटलं. "किती घरांत एकाच वेळी वाचत असेल, कल्पना तरी आहे का तुम्हाला?"

"वेडी आहेस. उच्चारांचे तुकडे आहेत ते."

"मग विचारा ना तिलाच! घाबरता कशाला?"

घरच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाची लाकडी पाटी पूर्वजांच्या पाट्यांशेजारी होती. भाऊजींनी उदबत्ती लावली आणि कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. प्रश्न विचारून ते जमिनीवर टाकायचे; एक पालथा, एक उताणा पडला तरच होकार. भूक लागलीय? नाही. कपडे हवेत? नाही. माझ्यावर रागावलीस? नाही. दर वेळी ते वाकून जमीन चाचपत होते.

"दमलीस?"

त्यांनी बोटं फिरवली. एक पालथा, एक उताणा.

"थांबायचंय?"

पुन्हा तसंच. त्यांनी परत टाकले, परत तसंच. भाऊजी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भांडार सांभाळणाऱ्यांना आवाज काढून टाकायला सांगितलं. त्यांनी काढला. मग स्वतःच्या मशीनवरचाही पुसला. पुसण्याआधी तिच्याकडून काहीतरी वाचून घेतलं. काय, ते मला सांगितलं नाही.

त्यानंतर खोलीत शांतता. भाऊजी त्या मँडरिनवाल्या मशीन-मास्तराकडून पत्रं वाचून घ्यायचे, चेहरा उतरलेला असायचा. पण म्हणायचे, "ती निजली असेल गं आता." माझ्याही जिवाला बरं वाटायचं.

आणि एके दिवशी जेवताना बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ह्वालिएनहून फोन आला. यू-छिंग नावाची बाई, आंधळीच, तीही मालिश करणारी. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, आवाज भांडारातून गेला म्हणून आम्ही किती घाबरलो! पण काळजी करू नका. आमच्याकडे प्रती होत्या, सगळ्यांनी मिळून पुन्हा चढवलाय. जपानात, जर्मनीत, कुठे कुठे ठेवलाय. तुम्हीच खुला करून दिलात ना, आता कुणाच्या बापाला काढता येणार नाही!"

भाऊजींच्या जेवायच्या काड्या हातातच राहिल्या. मी म्हटलं, "सांगा तिला! काढ म्हणावं!" त्यांनी नकारार्थी मान हलवली. कुणाकुणाला सांगणार होते?

यू-छिंगच्या बोलण्यामागे सिऊ-लुआन वाचत होती. वाक्य संपलं, आणि धाप ऐकू आली.

"दिवसभर चालू असतो हो आमच्याकडे," यू-छिंग कौतुकाने म्हणाली. "काकूंशिवाय करमतच नाही."

भाऊजींनी काड्या खाली ठेवल्या. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "मधूनमधून जरा बसू देत जा गं तिला."