शेजारचे लॉट

नागरिकशास्त्राला आमच्या शाळेत कुणी विषय मानत नाही. इतिहासाच्या पेपरला मागून जोडलेला, परीक्षेला जाताना रिक्षात वाचून होण्यासारखा, एवढीच त्याची पत. मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत हा विषय इतकी वर्षं शिकवतेय, की संसद सरकारवर नियंत्रण कसं ठेवते याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी देता येईल. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, स्थायी समित्या, अविश्वासाचा ठराव. मुलं पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात. मी विसरले नाही, कारण माझा त्यावर खरोखर विश्वास होता. आमच्या घरात देव्हारा नाही. बाहेरच्या खोलीत संविधानाची प्रास्ताविका फ्रेम करून लावलीय आणि तिच्या शेजारी सैन्यातल्या आजोबांचा फोटो. अशा घरात वाढलेल्या बाईने संसदेवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

माझा धाकटा भाऊ तोफखान्यात हवालदार होता. 'होता' म्हणायची सवय अजून लागलेली नाही. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला मीच वाढवलं. त्याची पहिली वर्दी मी इस्त्री करून दिली होती आणि कॉलरवर थोडी जाळलीही होती. सराव चालू असताना एक गोळा तोफेच्या नळीतच फुटला. युद्ध नाही, शत्रू नाही, आपलीच रेंज, आपलाच गोळा. एक जवान जागच्या जागी गेला. माझ्या भावाचा उजवा हात कोपराखालून गेला आणि त्या बाजूचा कान बंद झाला. टीव्हीवर खाली सरकणाऱ्या पट्टीत ती बातमी येऊन गेली म्हणे. मी त्या वेळी नववीचे पेपर तपासत बसले होते.

हॉस्पिटल झालं, पेन्शनची धावपळ झाली, आणि तो बायको-मुलीला घेऊन दिव्यात राहायला आला. तिथे भाडं परवडतं, बाकी काही परवडत नाही. पाणी आलं की अख्खी बिल्डिंग जिन्यात उतरते. डाव्या हाताने हंडा खांद्यावर घ्यायला तो तिथेच शिकला. मी एकदा मदतीला पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे ताई, तुझी कंबर जायची." त्याच्या तोंडून कुरकुर मी ऐकली नाही. राग मात्र यायचा, तो मलाच. रविवारी तो कल्याणला माझ्याकडे जेवायला यायचा आणि मी भाकऱ्या थापता थापता सरकारचा उद्धार करायचे.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "ताई, मला भरपाई नको, काही नको. मला एकच कळायला पाहिजे."

ते एक असं होतं. गोळे कारखान्यातून लॉटने येतात; एका वेळी बनलेला माल म्हणजे एक लॉट, त्याचा नंबर पेटीवर छापलेला. जो गोळा फुटला त्याचा लॉट अपघातानंतर लगेच बाजूला काढला. ते त्याने स्वतः हॉस्पिटलमध्ये ऐकलं होतं. पण त्याच दिवसांत, त्याच मालातून बनलेले पुढचे-मागचे लॉट? ते तपासले का? त्याच्या जागी आता तोफेवर त्याचा जोडीदार होता, साताऱ्याकडचा, दोघे बरोबरच भरती झालेले. त्या जोडीदाराने फोनवर सांगितलं होतं, की नव्या पेट्या आल्यात आणि त्यांचा नंबर फुटलेल्या लॉटच्या अगदी पुढचा आहे. वर विचारलं तर 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर मिळायचं.

"एक भाकरी कडू लागली तर तू तेवढीच टाकतेस, की पीठ बघतेस?" भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "हे तर संसदेत विचारता येईल." किती सहज म्हटलं. वर्गात फळ्यावर लिहितात तितक्या सहज.

माझा एक जुना विद्यार्थी ठाण्यात एका खासदारांच्या कार्यालयात काम करतो. खासदार आमच्या मतदारसंघाचे नव्हेत, पण प्रश्न विचारायला मतदारसंघ आडवा येत नाही. पोरगा शाळेत असताना माझ्या तासाला मागच्या बाकावर डबा खायचा. आता खासदारांचे प्रश्न तोच लिहितो. त्याने मला उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि भावाचं सगळं ऐकून घेतलं. मी घरून प्रश्न लिहूनच नेला होता: भावाचा हुद्दा, रेंज, लॉट, गेलेला जवान, सगळं. त्याने वाचला आणि कपाळावरून हात फिरवला.

"बाई, हे असं नाही चालत. एकट्या माणसाचं प्रकरण घेत नाहीत, परत येतो प्रश्न. आणि लॉट, रेंज वगैरे टाकलं तर गुप्ततेत अडकेल."

"मग काय विचारायचं?"

"जनरल विचारायचं. दारूगोळ्याच्या गुणवत्तेबाबत सरकारने काय उपाय योजले, असं."

मी त्याच्यासमोर बसून माझ्या भावाला त्या कागदावरून काढायला लागले. आधी हुद्दा गेला. मग रेंज गेली, मेलेला जवान गेला, शेवटी लॉटही गेला. जे उरलं ते कुठल्याही देशात, कुठल्याही वर्षी, कुणीही कुणाला विचारलं असतं. मी चिडून म्हटलं, की याला काय अर्थ आहे, याचं उत्तर तर मीच इथे बसून लिहून देते.

तेव्हा त्याने खरी गोम सांगितली. प्रश्न तारांकित टाकायचा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आणि तोंडी उत्तर झालं, की खासदारांना तिथेच पुरवणी प्रश्न विचारता येतो. छापील प्रश्न साधा ठेवायचा, आणि पुरवणीत एकच वाक्य: शेजारचे लॉट तपासले की नाही? ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच, पण मला ते पटलं. मी त्याला म्हटलं, "अरे, हे पुस्तकात नाहीये." तो हसला, "बाई, तुम्ही नीट शिकवलंत, आम्हीच नीट ऐकलं नाही."

तारांकित प्रश्नांचा क्रम सोडतीने ठरतो. खालचा नंबर लागला तर तासाभरात तिथवर कुणी पोचत नाही; मग उत्तर नुसतं छापून मिळतं आणि पुरवणी राहून जाते. आमचा नंबर वर आला. विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं कुणीतरी गेलं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "खासदार तेच वाक्य विचारतील ना? बदलणार नाहीत ना?" त्याने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. जोडीदारालाही कळवलं.

त्या दिवशी मी रजा टाकली. भाऊ सकाळीच आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, उजवी बाही दुमडून पिन केलेली. टीव्ही बघायला इतकं तयार होऊन कुणी येतं का? पण मीही बरी साडी नेसले होते.

तास सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून गोंधळ. कशावरून, ते मला आता आठवतही नाही. कुठल्यातरी राज्यातलं काहीतरी होतं. पहिला प्रश्न पुकारला, मंत्री काहीतरी वाचत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. कॅमेरा अध्यक्षांवर रोखलेला आणि खालून घोषणा. मध्येच कॅमेरा जरा हलला आणि अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत फलक धरून उभे असलेले सदस्य दिसले. त्यांत आपले खासदार होते. आमचा प्रश्न ज्यांच्या नावावर छापलेला, ते स्वतः दोन्ही हातांनी फलक उंच करून ओरडत होते. भावाचा चांगला कान टीव्हीकडे होता. तो म्हणाला, "ताई, हे तेच ना?" मी म्हटलं, हो. अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं. पडद्यावर रिकाम्या सभागृहाचं चित्र आलं आणि खाली संगीत सुरू झालं.

विद्यार्थ्याचा फोन आला. पक्षाचा आदेश होता, सगळ्यांनाच पुढे जावं लागलं, साहेबांनाही फार वाईट वाटलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. वर्गात बोलले नसते असं बोलले. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उत्तर पटलावर ठेवलंय बाई, दुपारी साइटवर येईल."

आलं. सुबक टाइप केलेलं निवेदन. गुणवत्ता तपासणीची बहुस्तरीय यंत्रणा आहे, दोष आढळल्यास योग्य ती कार्यवाही होते, ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे, आणि याहून अधिक तपशील उघड करणं देशाच्या सुरक्षेच्या हिताचं नाही. ठाण्याच्या त्या कार्यालयात चिडून जे उत्तर मीच लिहून देते म्हटलं होतं, ते जवळजवळ असंच झालं असतं. आमच्या तोंडाला पानं पुसली, आणि तीही व्याकरणाची एक चूक न करता.

मला खूप थकवा आला. भावाला जेवायला वाढलं, तो जेवला नाही. संध्याकाळी निघायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका हाताने आणि एका कानाने फोन धरणं त्याला अवघड जातं, म्हणून तो नेहमी स्पीकरवर टाकतो. जोडीदार होता.

"भावा, ड्युटीवर हुतो, बघाय नाही मिळालं. काय म्हणलं रं संसदेत?"

भावाने फोन टेबलावर ठेवला.

"उद्या रेंजला निघायचंय आमाला. पोरं इचारत्यात. त्या पुढच्या नंबरचं झालं का काय?"

मी समोरच उभी होते. भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झालं," तो म्हणाला. "मंत्र्यांनी सांगितलं. पुढचे-मागचे सगळे तपासलेत. ओके आहेत."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "बरं झालं गड्या. लई बरं झालं. सांगतो पोरांना." मग वहिनीची, मुलीची चौकशी झाली. मला उद्देशून तो म्हणाला, की ताई, तुमच्यामुळं झालं बघा.

फोन बंद झाल्यावर मी भावावर ओरडले. आयुष्यात त्याच्यावर इतकी कधी ओरडले नव्हते. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्यालाच खोटं सांगतोस? तू सरकारपेक्षा वाईट, ते निदान काहीच सांगत नाहीत.

तो शांतपणे म्हणाला, "त्याला उद्या फायर करायचंच आहे, ताई. माहीत नाही म्हटलं असतं तरी ऑर्डर तीच. भीती घेऊन तोफेजवळ उभा राहिला तर हात चुकतो. चांगल्या गोळ्यानेही माणूस मरतो मग."

त्याचं तसंच राहिलेलं ताट मी उचलून आत नेलं.

पुढचे दोन दिवस त्याने फोन हातातून खाली ठेवला नाही, असं भावजय म्हणाली. रेंज नीट पार पडली. जोडीदाराचा मजेत फोन आला. पण तो माल अजून तिथे आहे आणि सराव पुन्हा होणार आहे, आणि आता तिथला कुणीच काही विचारत नाही, कारण त्यांना उत्तर मिळालंय.

गेल्या रविवारी भाऊ जेवत असताना विद्यार्थ्याचा फोन आला. पुढचं अधिवेशन लागलंय. साहेब म्हणतात, बाईंचा प्रश्न पुन्हा टाकू, या वेळी नक्की उभे राहतील. टाकू का?

मी भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको म्हणून. मला कळत होतं तो का नको म्हणतोय. खरं उत्तर आलं तर ते जोडीदारापर्यंत पोचणार. पण न विचारता ठेवायचं? त्या पेट्या तशाच राहू द्यायच्या? मी म्हटलं, "टाक."

भावाने ताट बाजूला सारलं नाही, रागावलाही नाही. भाकरीचा उरलेला तुकडा खाल्ला, हात धुतला, माझा मोबाइल मागून घेतला. डाव्या अंगठ्याने हळूहळू एक नंबर टाकला, सेव्ह केला आणि मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"तुला विचारायचं असेल तर विचार," तो म्हणाला. "पण मग त्याला आधी फोन कर, आणि सांग, की मी खोटं बोललो. तू सांग. मला नाही जमणार."

आज बुधवार आहे. प्रश्न तिकडे गेलाय. मी रोज शाळेतून आले, की तो नंबर काढते, बघते आणि परत ठेवून देते.