मागच्या न्हाणीतला वास

बागबाजारातल्या आमच्या भाड्याच्या घरात दोन न्हाण्या आहेत. मागची केवळ पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आमच्याकडे क्वचितच येतात. दोन वर्षांपूर्वी तिथून गटाराचा वास येऊ लागला. फिनेल, कापूर, लिंबाच्या साली, सर्व झाले. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आपल्या घरी करावे, आजूबाजूच्या अधिकाऱ्यांच्या बायकांना एकदा तरी बोलवावे, ही पत्नीची जुनी इच्छा. ती या वासापायी अडली होती.

मी व्यवसायाने अर्जलेखक. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि कोर्टाच्या फाटकापाशी बसून मी पदवीधरांचेही अर्ज लिहिले आहेत. सबब महापालिकेस मी तीन अर्ज सादर केले. तिसऱ्याची प्रत अजून जपून ठेवली आहे.

वरच्या मजल्यावर नागपूरहून बदलून आलेले बँक अधिकारी राहत. वयाने माझ्याहून बरेच लहान. एका रविवारी ते खाली आले आणि थेट मागच्या न्हाणीत गेले.

“दादा, ही वापरात नाही ना?”

“नाही. परंतु मूळ दोष रस्त्याखालच्या वाहिनीत आहे. तसा अर्ज...”

“वाहिनी राहू द्या. जाळीखालचं पाणी आटलंय. ते आटलं की गटाराची हवा सरळ घरात येते. आठवड्याला तांब्याभर ओतत जा.”

संध्याकाळपर्यंत वास गेला.

“तीन अर्ज,” पत्नी म्हणाली, “आणि औषध निघालं तांब्याभर पाणी.” तिने वर दडपे पोहे पाठवले. माझ्या कोणत्याही अर्जाला असे पोहे मिळाले नव्हते.

पुढे पंखा कुरकुरला तरी ‘वरच्यांना विचारा’. मला त्यांचा मत्सर वाटे, हे आज लिहून देण्यास हरकत नाही. पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे होते. फाल्गुनात मी ते थांबवले. विसरलो नाही; थांबवले. वास परतावा आणि माझे म्हणणे खरे ठरावे, इतकाच हेतू होता. तो नेमका कोणत्या दिवशी परतेल, याचा विचार मी केला नाही.

चैत्रात पत्नीने अखेर हळदीकुंकवाची आमंत्रणे दिली. त्या दिवशी गौर मांडून झाली, आंब्याची डाळ वाटून झाली, आणि दुपारच्या उकाड्यात वास घरभर पसरला.

“अहो, पाणी ओतत होता ना?”

“हो,” मी म्हणालो.

वरच्या वहिनी खाली आल्या. “चला, गौर आमच्याकडे नेऊ या. बायका येतीलच आता.” पन्ह्याचे पातेले मीच वर पोहोचवले. जिन्यात ऐकू आले, कोणीतरी वरच्या वहिनींना म्हणत होते, “किती सुरेख मांडलीत हो गौर तुम्ही.” पत्नी परक्या घरात पन्हे वाढीत होती.

बायका गेल्यावर अधिकारी माझ्यापाशी आले.

“दादा, पाणी नियमित ओतूनही वास आला, म्हणजे दोष वाहिनीतच. तुमचं बरोबर होतं. नवा अर्ज लिहा, मीही सही करतो.”

पत्नी वाट्या गोळा करीत होती. तिने मान वर केली नाही.

“लिहितो,” मी म्हणालो.