झाकलेला गुडघा

माझ्या थोरल्या जावेला आमच्या घरात सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती हसते. जिन्यात कुणी नवी पिशवी घेऊन दिसलं की कुठून घेतली, चेन टिकते का, जुनीचं काय केलं, एवढं विचारल्याशिवाय ही बाई पुढची पायरी चढत नाही. शेजारणीच्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते शेजारणीच्या आधी हिला ठाऊक. अशा बाईला देवानं नोकरी द्यावी कुठली? तर काहीही माहीत करून न घेण्याची! मी तर म्हणते, देवाला विनोदाचं अंग आहे ते इथे दिसतं.

मी तिला ताई म्हणते. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टर घडवणारं जे मोठं हॉस्पिटल आहे ना, तिथल्या संशोधन विभागात. तळमजल्यावर एक लांबलचक कॉरिडॉर, त्यात ओळीनं खोल्या. एका खोलीत कातडीचे डॉक्टर दोन मलमांची झुंज लावून बसलेले, दुसरीत पोटाचे सर्जन, पलीकडे कान-नाक-घसा, टोकाला डोळेवाले. शास्त्र ज्याचं त्याचं वेगळं, पण नियम सगळ्यांना एकच. जो मोजमाप करतो, त्याला कळता कामा नये की समोरच्या पेशंटला कुठला उपचार मिळालाय. कळलं की माणूस कितीही सज्जन असला तरी हात थोडा एकीकडे झुकतोच, असं त्यांचं म्हणणं.

मला आधी हे सगळं थोतांड वाटलं होतं. मी घरी शिवणकाम करते. ताईनं मला विचारलं, “तू शिवलेला फ्रॉक आणि समोरच्या टेलरनं शिवलेला फ्रॉक, दोन्हींत चांगला कुठला हे ठरवायला तुलाच बसवलं तर?” मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर लगेच खोटं बोलले असते.

ताईकडे होता गुडघ्यांचा अभ्यास. हाडांच्या विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतंच ‘सर’ म्हणतात, त्यांना शोधून काढायचं होतं की गुडघा बदलताना जुन्या पद्धतीचा लांब काप घ्यावा की नव्या पद्धतीचा आखूड. कुणाला कुठला, ते कॉम्प्युटर ठरवणार. तिथे वशिला चालत नाही. ऑपरेशन झालेले पेशंट ठरलेल्या तारखांना ताईकडे येणार आणि ती गुडघा किती वाकतो, माणूस खुर्चीतून कसा उठतो, ते मोजणार. पण काप नजरेला पडला की कारभार आटोपला. म्हणून प्रत्येक गुडघ्याला खोळ. निळी, जाड, मांडीपासून अर्ध्या पोटरीपर्यंत, दोन्हीकडे सैलसर इलॅस्टिक. त्या खोळी मी शिवते. उशीला जसा अभ्रा, तसा गुडघ्याला.

पडद्याआड सिस्टर पेशंटला खोळ चढवणार, “आत गेल्यावर ऑपरेशनबद्दल चकार शब्द बोलायचा नाही” असं बजावणार, आणि मग आत सोडणार. पण माणसंच ती! एक आजी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “अगं, मला की नाही...” तर ताईनं दोन्ही कानांत बोटं घालून मोठ्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. आजींना वाटलं, ही बाईच पेशंट. एका काकांनी कौतुकानं खोळ वर सरकवायला घेतली, तेव्हा ताई डोळे घट्ट मिटून मागे सरली ती थेट कपाटावर आपटली. टेंगूळ घेऊन घरी आली आणि अभिमानानं सांगते, “पण बघितलं नाही हं!”

आता आमच्या सासऱ्यांकडे येते. बाबा फरशी बसवायचे. उभा जन्म गुडघ्यांवर काढला त्यांनी. अजूनही कुठे गेले की आधी वाकून फरशीवर बोटांनी टकटक करतात आणि “इथे पोकळ राहिलंय” म्हणून यजमानांना कानकोंडं करतात. गुडघे पार झिजले. जिना म्हणजे शिक्षा झाली. पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, “मी काय मोडीत निघालोय का?” आम्ही सगळे सांगून थकलो. शेवटी ताईनं एक दिवस आपल्या कामाची गोष्ट सांगितली आणि बाबांचे डोळे चमकले. “म्हणजे माझ्या गुडघ्यामुळे पुढच्या लोकांना कळणार, काप कुठला घ्यायचा? मग घाला मला तुमच्या अभ्यासात.”

सरांनी आधी साफ नकार दिला. मोजणारी सून आणि पेशंट सासरा, हे कसं चालेल? मग त्यांच्या समितीत खल झाला आणि असं ठरलं, की बाबांचं मोजमाप दुसरा फिजिओ करील, आणि ताईनं त्यांचा गुडघा बघायचा नाही, त्याबद्दल ऐकायचं नाही. सरांनी बाबांना सगळं नीट समजावलं. काही त्रास झाला तर लगेच यायचं, हेही सांगितलं. बाबांनी मान डोलावली. पण त्यांच्या डोक्यात काय शिरलं, तर एवढंच: सुनेनं गुडघा बघितला की सगळा अभ्यास पाण्यात.

झालं! एकाच घरात चौकशी खिडकी आणि झाकलेला गुडघा. काय मजा सांगू त्या दिवसांची! ऑपरेशननंतर पट्टी बदलायची माझ्याकडे, तेव्हा ताईला स्वयंपाकघरात हद्दपार. माझा नवरा दारात पहाऱ्याला. ती तिथून हाक मारायची, “सहज विचारते गं, पट्टी केवढी लागते?”

“ताई!”

“बरं बाई, राहिलं.”

आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही माहीत होतं जे तिला माहीत नव्हतं. मी ते सुख पुरेपूर उपभोगलं. भांडी घासताना उगाच गूढ हसायचे, आणि ती साबणाचे हात माझ्यावर उडवायची.

टाके निघाले, जखम भरली, तशी बाबांनी मला कामावरून काढलं. “आता माझं मी बघतो.” घरातही खोळ घालायला लागले, वरून लांब पायजमा. काठी घेऊन गच्चीपर्यंत जाऊन आले. गच्चीतल्या फरश्या ठोकून तीन ठिकाणी पोकळ आहे म्हणून घरमालकाला सुनावून आले. आम्ही म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

मग एका रविवारी सकाळी बाबा पेपरवरून भांडायला बाहेर आलेच नाहीत. आमच्याकडे पेपर आधी कुणी वाचायचा यावरून रोज एक लढाई होते, आणि ती बाबाच जिंकतात. ताई डोकावली तर पंखा बंद, अंगावर दोन चादरी.

“बाबा, बरं नाही का?”

“छे! फर्स्ट क्लास आहे.”

बाबा कधी फर्स्ट क्लास नसतात. विचारलं की “चाललंय” म्हणतात. ताईनं कपाळावर हात ठेवला आणि मला हाक मारली. कपाळ चटका बसेल असं तापलेलं. ताई म्हणाली, “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जाऊ.” तर बाबा म्हणतात, “मंगळवारी माझी तारीख आहेच. थोडी कणकण आहे. उगाच बोभाटा करू नका.”

मी म्हटलं, “ताई, तुम्ही बाहेर व्हा. मी बघते गुडघा.” ती बाहेर गेली. मी पायजमा वर करायला गेले, तर बाबांनी खोळ दोन्ही हातांनी गच्च धरली. “तू नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू लगेच तिला सांगशील.” मला असा राग आला म्हणून सांगू! मी त्यांची बोटं सोडवायला गेले, माझा हात चुकून गुडघ्याला लागला, आणि बाबा केवढ्यानं तरी ओरडले. या माणसाच्या पायावर फरशी पडली होती तेव्हासुद्धा असा आवाज निघाला नव्हता.

दार उघडून ताई आत आली. कपाटावर डोकं आपटून घेईन पण बघणार नाही, अशी बाई. ती पलंगापाशी खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, “हात काढा, बाबा.”

“अगं, तुझा नियम...”

“नियम गेला उडत. हात काढा.”

बाबा कुणाचं ऐकत नाहीत. त्यांनी हात काढले. ताईनं माझी ती निळी खोळ हळूहळू खाली गुंडाळली. गुडघा लालभडक, तुकतुकीत, दुप्पट सुजलेला, आणि आखूड कापाच्या खालच्या टोकातून पाणी येत होतं. ताईनं तिथूनच माझ्या नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. एकही प्रश्न न विचारता ही बाई काही करते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दुपारी पुन्हा ऑपरेशन झालं. आतून सगळं धुऊन काढलं. बाहेर येऊन सरांनी सांगितलं, “आणखी उशीर झाला असता तर नवा सांधा काढून टाकावा लागला असता. कदाचित पायावरच बेतलं असतं. अजूनही दोन-चार दिवस काही सांगता येणार नाही.” ते दोन-चार दिवस आमच्या घरात पेपर घडी न मोडता पडून होता.

ताप उतरला तेव्हा ताईनं बाबांना धारेवर धरलं. मी शेजारी उभी होते. “कधीपासून दुखत होतं?”

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “झाला असेल आठवडा. इथे येऊन सांगितलं असतं, तर तुझ्या कानावर आलंच असतं ना? एवढ्या लोकांचे गुडघे तू मोजलेस. माझ्यापायी सगळे बाद झाले असते. वाटलं, तेवढं तरी सांभाळावं तुझं.”

“माझं काम सांभाळायला पाय देणार होतात?” ताई ओरडली. आख्खा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. “काही बाद होत नव्हतं हो! फार तर मला एकटीला बाजूला केलं असतं. आणि सगळा अभ्यास बुडाला असता तर बुडाला असता. मला तुम्ही हवे आहात, बाबा. चालते, भांडते.” आणि पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. बाबा तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत उभी होते, म्हणजे मीसुद्धा रडतच होते.

दुसऱ्या दिवशी ताई सरांकडे गेली आणि खोळ काढून बघितल्याचं सरळ सांगून टाकलं. सर म्हणाले, “त्यांचं मोजमाप तुमच्याकडे नव्हतंच. एकच गुडघा बघितलात. नोंद करू आणि पुढे जाऊ. तुम्ही काम चालू ठेवा.”

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणून बाहेर पडली असती. ताई म्हणाली, “सर, आता मला आखूड कापाची धास्ती बसलीय. कुणी कळवळलं की मनात येणार, हा आखूडवालाच.”

“जंतुसंसर्ग कुठल्याही कापात होतो. हे तुम्हाला कळतं.”

“मला कळतं, सर. माझ्या हाताला कळत नाही.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिला गुडघ्यांवरून मोकळं केल्याची नोंद केली. इतकी वर्षं टेंगळं खाऊन जपलेलं काम तिनं स्वतःच्या तोंडानं सोडलं. घरी आल्यावर म्हणाली, “चहा ठेव गं,” आणि बराच वेळ कुणाचीही चौकशी केली नाही.

पुढच्याच आठवड्यात तिला कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत घेतलं, नोंदी ठेवायला. डोळेवाल्यांकडे. तिथे दोन प्रकारचे थेंब आहेत, आणि कुणाच्या डोळ्यात कुठले ते विचारायचं नाही! बाटल्यांना खोळी शिवायला मला सांगायच्या आत मी हात जोडले.

बाबा घरी आले त्या संध्याकाळी आधी पेपर मागितला. मग हॉलमधल्या खुर्चीत बसून पायजमा स्वतःच्या हातानं गुडघ्याच्या वर दुमडला. खोळ नाही, काही नाही. काप उघडा, टाक्यांच्या खुणा उघड्या. “सूनबाई,” त्यांनी हाक मारली, “ये. बघ आता मनसोक्त.”

ताई कोन मोजायची ती प्लॅस्टिकची पट्टी घेऊनच आली. त्यांच्या पायाशी बसली आणि चौकशी खिडकी जी उघडली! इथे दुखतं का, इथे? सकाळी आखडतो का? जिन्यावर कसं वाटतं? चढताना की उतरताना? खरं सांगा. सगळी साठवलेली बाकी तिनं एका बैठकीत वसूल केली. बाबा एकेक उत्तर देत होते, शाळेतल्या पोरासारखे. मग तिनं पट्टी लावली.

“पास?” बाबांनी विचारलं.

“काठावर.”

बाबा हसले. मग आपल्या दुसऱ्या गुडघ्याकडे बघत बसले. तोही तेवढाच झिजलेला, आणि पुन्हा ऑपरेशनचं नाव घरात काढायची आमची कुणाची छाती नव्हती. माझ्या नवऱ्यानं मला डोळ्यांनीच खुणावलं, तू काही बोलू नकोस.

“डोळ्यांकडे किती दिवस आहेस तू?” बाबांनी ताईला विचारलं.

“दोन वर्षं तरी.”

“म्हणजे गुडघा बघायला तुला कुणाची आडकाठी नाही?”

“नाही.”

“रोज बघशील?”

“रोज बघेन, बाबा.”

त्यांनी पायजमा खाली केला, पेपर उघडला आणि पेपराआडून म्हणाले, “मग घे दुसऱ्याची तारीख.”