यासीनचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे — थकलोय, एवढंच.

लढाईच्या दिवसांत मी नगरात घड्याळं दुरुस्त करायचो. रेडिओचं भलतं वेड! हौशी लोकांना रेडिओवरून बोलायला तेव्हा सरकारची बंदी होती. म्हटलं, निदान ऐकू तरी. एरियलसाठी विजेच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार सोडवली, दोन्ही टोकांना सोडावॉटरच्या बाटल्यांच्या माना बांधल्या — तार झाडाला टेकली की आवाज मरतो ना. एक टोक माझ्या माळवदावर, दुसरं शेजारच्या अमिनाबींच्या कडुलिंबावर. आणि काय सांगू, कुठले कुठले देश खरखरत माझ्या खोलीत बोलायला लागले!

अमिनाबींचा यासीन फौजेतून मलायात गेला होता. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि पत्रं थांबली. घरात त्या आणि सून हलिमा, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यात कुणीतरी भरवून दिलं, की तार आभाळातली वीज ओढते. "काढ बाबा ती तार. आमी दोघी बायामानसं," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं होतं का? पण आसपास दुसरं उंच झाड नव्हतं.

शत्रूची स्टेशनं कधीमधी कैद्यांची नावं वाचतात, असं ऐकून होतो. मी — बोलूनच टाकतो — मी म्हणालो, "अमिनाबी, काल रेडिओवर यासीनचं नाव सांगितलं. जिवंत आहे. तार काढली तर पुढचं कसं कळणार?"

खोटं. साफ खोटं. एका तारेपायी! दोघी ढसाढसा रडल्या. तार राहिली.

लढाई संपली. सुटलेले कैदी घरोघर परतले, यासीन नाही. हलिमाचा भाऊ राहुरीहून तिला न्यायला आला. चांगलं स्थळ बघून ठेवलं होतं त्यानं. ती म्हणाली, "त्यांचं नाव ऐकलंय दादांनी. इचारा त्यांना." त्यानं विचारलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? लाज वाटली — भ्याडच मी. नुसती हो म्हणून मान हलवली. तो एकटाच परत गेला.

अमिनाबी गेल्या. हलिमाचे केस पिकले. दर ईदेला शीरखुर्म्याचं भांडं घेऊन येते, टेकते, आणि विचारते, "दादा, कसं घेतलं हुतं ओ त्यांचं नाव?"

आणि मी सांगतो. या ईदेला तर त्या रेडिओवाल्याचा आवाज काढून दाखवला.