बोट आणि बाहुलीचा फ्रॉक

मुलांच्या वाचनालयात, मागच्या खोलीत, फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईला सगळी पोरं सुईमावशी म्हणतात. आयुष्यात मोठं काय घडलं असं तिला विचारा. लग्न सांगणार नाही, घर बांधलं ते सांगणार नाही. "एक चूक झाली," म्हणेल आणि खुदकन हसेल.

आधी ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे दुमडायची. छापलेला मोठा कागद दुमडला की फर्मा होतो आणि असे फर्मे ओळीने शिवले की पुस्तक. दुमडायचं बायकांनी, शिवायचं पुरुषांनी, असा तिथला शिरस्ता. घरभराचे कपडे शिवणारा बाईचा हात पुस्तकाला मात्र चालत नव्हता! मावशी नुसत्या नजरेने शिवण शिकली. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी "बघू या जमतंय का," म्हणत तिला ठेवून घेतलं, तेव्हा कारखान्यातले लोक म्हणाले, "येईल परत रडत." त्यामुळे मावशी प्रत्येक टाका जीव मुठीत धरून घालायची.

वाचनालयात तेव्हा दोन कपाटं होती, एक मुलांचं, एक मुलींचं. एकदा दोन्हीकडून एकेक खिळखिळं पुस्तक शिवायला आलं. छापखाना एक, आकार एक, कागदही तोच. एकात एक मुलगा बोट तयार करून समुद्रावर जातो आणि वादळाशी झुंजतो. दुसऱ्यात एक मुलगी धाकट्या भावाला भरवते, घर आवरते आणि बाहुलीचा फ्रॉक शिवत बसते. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पानांचे आकडे जुळवायची, गोष्ट वाचायला सवड कुणाला? आकडे चोख जुळले, पण पुस्तकांचे उत्तरार्ध एकमेकांत गेले.

थोड्याच दिवसांत एक वडील पुस्तक नाचवत आले. "हे काय चाललंय? पोरगा बोट घेऊन निघाला आणि पान उलटलं तर बाहुलीचा फ्रॉक शिवतोय!"

बाईंनी मावशीला हाक मारली. पान बघताच मावशीला आपली चूक कळली. आता कारखान्यात तोंड कसं दाखवायचं? "आत्ता उसवते बाई, आत्ता नीट करते," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"दुसरं कुठंय?" बाईंनी विचारलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई, चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

दुसरं एका मुलीने घरी नेलेलं होतं. संध्याकाळी ती आली, पुस्तक छातीशी धरूनच.

"कसं वाटलं?" बाई म्हणाल्या.

"एकदम भारी! ती सगळं घरकाम उरकते आणि मग बोटीवर जाते. वादळात सगळ्यांना वाचवते!"

"पण मध्येच नाव बदलतं ना तिचं?"

"त्यात काय? माझं पण घरी एक आहे, शाळेत एक. बाई, अशी अजून आहेत?"

बाईंनी दोन्ही कपाटांकडे पाहिलं. अशी अजून एकही नव्हती. मावशी सुई-कात्री घेऊन दारात उभी होती, पुढे काय होतंय म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला.

"कात्री ठेवा," बाई तिला म्हणाल्या. "आणि उद्या वेळेवर या. ही दोन कपाटं एक करायचीत, खूप काम आहे."

कपाटं एक झाली. हळूहळू बाईंनी शोधून शोधून नवी पुस्तकं आणली. त्यांत बोटीवरच्या मुली आल्या, स्वयंपाक करणारे मुलगे आले, कुबडी घेऊन डोंगर चढणारी एक पोरगीही आली. मावशी तिथेच राहिली, ती कायमची. "मला घालवलं असतं तर बाईंना कुणी नावं ठेवली नसती," ती अजून सांगते आणि डोळ्यांना पदर लावते. "त्यांचे उपकार मी कसे फेडू?"

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हाताळून हाताळून त्या दोन पुस्तकांचे फर्मे परवा पुन्हा सुटे झाले आणि मावशीच्या टेबलावर आले. आता मनात आणलं असतं तर सगळं जागच्या जागी लावता आलं असतं.

मावशीने चष्मा लावला आणि दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच नीट वाचून काढल्या. मग बोटीच्या मागे फ्रॉक ठेवला, घरकामाच्या मागे वादळ ठेवलं आणि सुईत दोरा ओवला.