रडायला शिकवणारे रणपिसे सर

रणपिसे सरांना हवं तेव्हा रडता येत असे. आमच्या वर्गात त्यांनी हे पहिल्याच शनिवारी करून दाखवलं. टेबलाशी उभे राहिले, डोळे मिटले, "हे प्रेमळ बापा" म्हणाले आणि थांबले. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. पाणी गालावरून ओघळू दिलं, पुसलं नाही. मग त्याच ओल्या चेहऱ्याने आमच्याकडे बघत विचारलं, "कुठं थांबलो ते लक्षात आलं का?" आणि समोरच्या कपातला चहा प्यायले.

मी मान खाली घालून वही उघडली. बाकीचे कौतुकाने बघत होते.

सोलापुरात आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. आसपासच्या गावांत आमच्या भाविकांच्या लहान लहान मंडळ्या आहेत, पण पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एकटे. प्रत्येक गावी त्यांना महिन्यातून एखाद्या रविवारी जाता येतं. उरलेल्या रविवारी उपासना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, घरोघरी प्रार्थना करायची, यासाठी आमच्यासारखी नोकरीधंदा करणारी माणसं तयार करायची होती. मी पतपेढीत कारकून. आईला बरं नव्हतं आणि तिच्या उशाशी बसून नीट प्रार्थना करता यावी, एवढ्याचसाठी मी नाव घातलं होतं.

सर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, केस मागे वळवलेले, आवाज भारदस्त. कामाला चुकार मुळीच नव्हते, हे सांगितलं पाहिजे. भर उन्हात स्कूटरवरून मंद्रूपला जात, तिथल्या चार घरांच्या मंडळीत उपदेश करून परत येत. आजाऱ्याच्या पलंगावर बसू नये, त्याच्यासमोर नाकाला रुमाल लावू नये, हे त्यांनी आम्हाला शिकवलं, आणि ते खरंच उपयोगी होतं. पण लगेच पुढे म्हणत, "आधी डोळे भरले पाहिजेत, मग तोंड उघडायचं. कोरड्या डोळ्यांची प्रार्थना घरच्यांना लागत नाही." कधी म्हणत, "माणूस दुःखात असला की मऊ असतो. हात लावला की ठसा उमटतो." हे वाक्य त्यांना फार आवडे. ते मला कणीक तिंबणाऱ्या माणसाच्या तोंडचं वाटे.

वर्गात टेंभुर्णीचे दाविदभाऊ होते. हायवेला त्यांचं छोटं हॉटेल. त्यांना प्रार्थना करायला उभं केलं तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "देवा, त्यो माणूस लई तरास काढतोय. त्याला बरं कर की. न्हायतर झोप तरी लागू दे." आणि आमेन म्हणून बसले.

सर हसले. "दाविदभाऊ, ही प्रार्थना झाली की गल्ल्यावरून आत दिलेली ऑर्डर?"

सगळे हसले. दाविदभाऊही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. अभ्यासक्रम संपत आला तेव्हा त्यांची प्रार्थनेची परीक्षा झाली. तेव्हा ते "हे प्रेमळ बापा" म्हणाले, थांबले, घोगऱ्या आवाजात पुढे बोलले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सरांनी त्यांची पाठ थोपटली. एक सरळ माणूस आमच्या डोळ्यांदेखत बिघडवला गेला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आईचं दुखणं तोवर बळावलं होतं. तिने सारं आयुष्य कुंभारी गावात विड्या वळल्या. छातीचं सगळं झिजून गेलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितल्यावर मी तिला माझ्या खोलीवर आणलं. एका संध्याकाळी दार वाजलं. दारात सर होते आणि त्यांच्यामागे वर्गातले सहाजण.

"म्हटलं, प्रात्यक्षिकही होईल आणि आईंची भेटही होईल," सर म्हणाले. मला विचारलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत सगळे चपला काढून आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले, इंजेक्शन कसं देतात ते बघायला आलेल्या नर्सिंगच्या मुलींसारखे.

आईला धाप लागत होती. तरी ती म्हणाली, "शिले, चा ठेव की समद्यास्नी."

मी ओट्याशी गेले. तिथून सगळं दिसत होतं. सर खुर्ची ओढून जवळ बसले, आईचा हात हातात घेतला, "हे प्रेमळ बापा" म्हणाले आणि थांबले. मला ठाऊक होतं आता काय होणार. झालंही तसंच. भिंतीपाशी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

आईने सरांकडे बघितलं. मग म्हणाली, "लई रडता की वो तुमी. कोन गेलंय का तुमचं?"

सरांचा चेहरा तिथल्या तिथे थांबला. वर्गात ज्या माणसाला कधी शब्द सुचला नाही असं झालं नव्हतं, त्याला त्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी घाईघाईने बायबल उघडलं आणि तेविसावं स्तोत्र वाचायला घेतलं. ते वाचणं मात्र अडखळत चाललं.

जाताना जिन्यात ते बाकीच्यांना सांगत होते, "रुग्ण कधीकधी विषय बदलतो. गोंधळायचं नाही. आपण वचनाकडे वळायचं." दार उघडंच होतं. मला वाटलं, कुणीतरी आईच्या अंगावर थुंकून गेलं.

आई मात्र म्हणाली, "बिचारा हाय गं त्यो. एकदा जेवायला बोलीव त्याला."

त्याच आठवड्यात ती गेली. दफनाच्या वेळी सर आले, बोलले, रडले. समर्पणाच्या रविवारी पाळकसाहेब वर्गातल्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना सेवेसाठी नेमणार होते. मी गेले नाही.

पुढे एकदा मंद्रूपची एक शिक्षिका भेटली. ती नंतरच्या वर्गातली. माझं नाव ऐकून तिने माझे हात धरले. "तुमच्या आईची साक्ष सर प्रत्येक वर्गाला सांगतात. शेवटी म्हणाल्या ना त्या, 'सर, तुमच्या अश्रूंत मला तारणारा दिसला.' आम्ही सगळे रडलो."

मी रस्त्यातच सरांना फोन लावला. "आई असं म्हणाली नव्हती, सर."

"शब्द इकडेतिकडे होतात, शीला. भाव तोच आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. माझ्या मेलेल्या आईच्या तोंडात त्यांनी आपली स्तुती घातली होती.

मागच्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले. चर्चमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. पाळकसाहेबांनी आईची ती गोष्ट सरांच्या तोंडून ऐकली होती, म्हणून त्यांनी मलाच बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि त्या संध्याकाळी घडलं तेवढंच सांगितलं. आईने काय विचारलं ते तिच्याच शब्दांत सांगितलं आणि सरांनी उत्तर दिलं नाही हेही सांगितलं. बाकांवर चुळबुळ झाली. पाळकसाहेबांनी लगेच गीत सुरू करायला सांगितलं.

नंतर दारापाशी सर सगळ्यांचे हात हातात घेत उभे होते. माझाही घेतला. "चांगलं बोललीस. आवाज छान लागला. फक्त शेवट वर न्यायला हवा होतास. लोक घरी काय घेऊन जाणार?"

"सर, आईनं तुम्हाला विचारलं होतं, कोण गेलंय म्हणून."

त्यांनी मान हलवली, ढ मुलाकडे बघून मास्तर हलवतो तशी, आणि माझा हात सोडून पुढच्या बाईंचा हात घेतला. मी बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या नळाला हात धुतले.